फसलेल्या पास्त्यापुढची प्रार्थना



येत्या २९ जुलैला आपण संत मार्था, संत मरिया आणि संत लाजरस या तीन भावंडांचे स्मरण करणार आहोत. पूर्वी या दिवशी केवळ संत मार्थाचे स्मरण होत असे. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांच्या निर्णयाने मरिया आणि लाजरस यांची नावेही त्यात जोडली गेली. म्हणजे आता हा एका व्यक्तीचा नव्हे, तर एका घराचा सण झाला आहे. बेथानीच्या त्या घरात प्रभू येशू येत असे, बसत असे, जेवत असे.

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात मार्थाची धावपळ आपण वाचतो. तिच्या चुलीवर त्या दिवशी काय शिजत होते ते लूकने सांगितलेले नाही. ते चांगले झाले की बिघडले हेही सांगितलेले नाही. पण पाहुणा दारात, हात कामात आणि मन चिंतेत अशी अवस्था असली की काय होते हे आपल्या घरातल्या स्त्रियांना सांगावे लागत नाही. कधी मीठ राहते, कधी खाली लागते. म्हणून या आठवड्यात आपण एका साध्या प्रश्नाचा विचार करू या: प्रेमाने आणि कष्टाने केलेला पदार्थ फसतो तेव्हा आपण सर्वजण त्या ताटापुढे कसे वागतो?

कोणत्याही घरातले चित्र

उदाहरण म्हणून आपल्यासारखेच एक घर डोळ्यांपुढे आणू या. आई मुंबईत नोकरीला आहे, संध्याकाळची पाळी करून विरार लोकलच्या गर्दीतून रात्री घरी पोचते. आज तिचा वाढदिवस. दहावीतली मुलगी ठरवते, आज मम्मीने स्वयंपाक करायचा नाही, आज मी व्हाइट सॉस पास्ता करणार. साठवलेल्या पैशांतून ती पास्त्याचे पाकीट, चीज आणि सिमला मिरची आणते. कृती तिने तीन वेळा पाहिलेली असते. पाकिटावरच्या चित्रात पास्त्याची एक-एक नळी सुटी, चकचकीत, वर हिरवे पान.

ती लहान पातेल्यात पाणी ठेवते. त्यात पास्ता टाकते, मीठ टाकायचे राहते. सगळे एकदम जेवतील म्हणून पास्ता साडेसातलाच शिजवून, निथळून ठेवते. आठला सॉसमध्ये घालते. मम्मीची गाडी उशिरा असते. साडेनऊला पातेल्यावरचे झाकण काढले तर आत एक पांढरा गोळा! डाव उभा राहतो आणि पडत नाही.

आजी एक घास घेते आणि म्हणते, "अगं, ही काय खळ केलीस?" धाकटा भाऊ म्हणतो, "शाळेचा तक्ता चिकटवायला बरी आहे." पप्पा काहीच बोलत नाहीत. ताट हलकेच बाजूला सरकवतात आणि हॉटेलला फोन लावतात, "एक बिर्याणी पाठवा." ती मुलगी पातेले उचलते आणि मोरीकडे चालू लागते.

यात कोणीही दुष्ट नाही. आजीचे नातीवर प्रेम आहे, भाऊ सवयीने बोलला आणि पप्पांना भूक लागली होती. तरीसुद्धा त्या घरात त्या रात्री काहीतरी मोडले. ही मुलगी पुढची किती वर्षे स्वयंपाकघरात आपणहून पाऊल टाकणार नाही, कोण सांगू शकेल? आणि प्रश्न स्वयंपाकाचाच नाही. आपणहून कोणासाठी काही करावे, ही जी ऊर्मी तिच्या मनात पहिल्यांदा उठली होती, तिलाच त्या रात्री उत्तर मिळाले. ते उत्तर कोणते होते?

पास्ता का फसला?

दोष देण्याआधी कारण समजून घेणे हा शहाणपणाचा मार्ग. पास्ता हा आपल्या घरात अलीकडे आलेला पाहुणा आहे, पण त्याचे मूळ जुने. अल-इद्रिसी नावाच्या भूगोलकाराने ११५४ साली सिसिली बेटावरील ट्राबिया या गावात गव्हाच्या शेवयांसारखा सुका पदार्थ तयार होऊन जहाजांतून दूरवर जात असल्याची नोंद केली आहे. आपल्या आजी उन्हाळ्यात खाटेवर शेवया वाळवीत, त्याच कुळातली ही गोष्ट. इटलीत सुका पास्ता डुरम या कठीण गव्हाच्या रव्याचाच असावा असा १९६७ पासून कायदा आहे. आपल्याकडे बन्सी म्हणतात तो याच जातीचा गहू. हा रवा आणि पाणी, बाकी काही नाही. मैद्याचा पास्ता लवकर मऊ पडतो आणि लवकर चिकटतो.

इटलीतल्या गृहिणींचा हिशेब सोपा असतो: शंभर ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि दहा ग्रॅम मीठ. पाणी भरपूर हवे, कारण शिजताना पास्त्यातून पिठूळपणा बाहेर पडतो. पाणी थोडे असले तर तेच दाट होऊन पास्त्याला लपेटते. मीठ पाण्यातच हवे, कारण पास्ता पाणी पितो तेव्हाच मीठ आत जाते. नंतर वरून कितीही भुरभुरले तरी ते बाहेरच राहते. आणि पास्ता माणसांची वाट पाहत नाही, माणसांनी पास्त्याची वाट पाहायची असते. निथळून ठेवला की चिकटतो, सॉसमध्ये ठेवला की सॉस पिऊन फुगतो, आणि मैदा-दुधाचा सॉस गार होताना घट्ट होतो.

आता पाहा. त्या मुलीच्या हातून काय चुकले? पाणी कमी, मीठ विसरले, आणि सगळ्यांनी एकत्र जेवावे म्हणून ती थांबली. म्हणजे तिचा पास्ता ज्या कारणाने सर्वांत जास्त बिघडला ते कारण तिचे प्रेम होते! हे त्या टेबलावर बसलेल्या एकालाही दिसले नाही. आपण पदार्थाची चव घेतो, कारणाची चव घेत नाही.

मिठाची गोष्टही मनात ठेवण्यासारखी आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात (५:१३) प्रभू आपल्याला पृथ्वीचे मीठ म्हणतो. मीठ वेळेवर, पाणी उकळत असताना जावे लागते. मूल वाढत असते तेव्हा त्याला दिलेला कौतुकाचा शब्द आत मुरतो. पंचविसाव्या वर्षी, लग्नाच्या सभागृहात, माइक हातात घेऊन केलेले कौतुक छान असते, पण ते बरेचसे वरून भुरभुरलेले मीठ असते.

अपेक्षा आणि आशा

आपल्या निराशेचे मूळ कुठे आहे? तत्त्वज्ञानाचा अभ्यास करताना दोन शब्द वेगळे करायला शिकावे लागते: अपेक्षा आणि आशा. रोजच्या बोलण्यात आपण ते एकाच अर्थाने वापरतो.

अपेक्षेजवळ एक तयार चित्र असते. पाकिटावर छापलेले, जाहिरातीत पाहिलेले, शेजारणीच्या ताटात दिसलेले. समोरची वस्तू त्या चित्राशी जुळली की आपण खूश, नाही जुळली की नाराज. अपेक्षा मोजते, ताडून पाहते आणि निकाल देते. पास्त्याबाबत आपण असेच वागतो, आणि खरे म्हणजे माणसांबाबतही. सून अशी हवी, जावई तसा हवा, मुलाला इतके टक्के हवेत. प्रत्येकाच्या पाकिटावर आपण एक चित्र छापून ठेवले आहे.

आशेची गोष्ट वेगळी. संत थॉमस अक्वायनस आशेचे वर्णन करताना सांगतो की तिचा विषय म्हणजे भविष्यातले असे भले, जे मिळवणे अवघड आहे पण शक्य आहे. 'अवघड' आणि 'शक्य' हे दोन्ही शब्द महत्त्वाचे. जे सोपे आहे त्याला आशेची गरज नसते आणि जे अशक्य आहे त्याची आशा धरता येत नाही. दहावीतल्या मुलीचा पुढचा पास्ता हे नेमके तसेच भले आहे: अवघड, पण शक्य. अपेक्षा म्हणते, "हे जमले नाही." आशा म्हणते, "हे अजून जमायचे आहे." वाक्यात फरक थोडा आहे, पण एका वाक्याने माणूस पातेले घेऊन मोरीकडे जातो आणि दुसऱ्याने पुन्हा चुलीकडे.

ॲरिस्टॉटलनेही हे फार पूर्वी ओळखले होते. माणूस घरे बांधत-बांधत गवंडी होतो, वाद्य वाजवत-वाजवत वादक होतो, तसाच न्यायाने वागत-वागत न्यायी होतो, असे त्याचे मत. पुस्तक वाचून भाकरी थापता येत नाही. आपल्या ज्या आजींच्या भाकऱ्या आज चंद्रासारख्या गोल येतात, त्यांची पहिली भाकरी नकाशासारखीच होती. ती कोणीतरी खाल्ली. ती कोणीतरी खाल्ली म्हणून दुसरी झाली.

वाळवंटातली कुरकुर

अन्नाबद्दलची नाराजी पवित्र शास्त्राला नवी नाही. गणनाच्या अकराव्या अध्यायात इस्राएली लोक मान्ना खाऊन कंटाळतात. त्यांना मिसरातले मासे आठवतात, काकड्या आठवतात, कांदे-लसूण आठवतात. गुलामगिरी मात्र आठवत नाही. कुरकुरीचा स्वभावच असा असतो. जे हातात नाही त्याची चव ती वाढवते आणि जे हातात आहे त्याची चव घालवते. देवाने रोज पहाटे दिलेले अन्न त्यांना बेचव वाटू लागले, कारण देणारा त्यांच्या नजरेआड झाला होता.

सहाव्या शतकात इटलीतच संत बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. तो फार व्यवहारी संत होता. प्रत्येक जेवणात दोन शिजवलेले पदार्थ असावेत, म्हणजे ज्याला एक चालत नाही त्याला दुसरा घेता येईल, अशी सोय त्याने करून ठेवली. म्हणजे आवडनिवड असते हे त्याला मान्य होते. पण कुरकुर त्याने मुळीच खपवून घेतली नाही. त्याशिवाय त्याने आणखी दोन गोष्टी केल्या. मठातल्या भावांनी आठवड्याच्या पाळीने स्वयंपाकघरात सेवा करावी आणि पाळी बदलताना सर्वांचे पाय धुवावेत, असा नियम घातला. आणि मठातली सगळी भांडीकुंडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी जपावीत असे सांगितले.

पुरुष मंडळींनी यावर थोडा विचार करावा. मठातला प्रत्येक भाऊ आपल्या पाळीला चुलीपुढे उभा राहिला की त्याला कळे, पंचवीस माणसांचे जेवण वेळेवर होणे ही काय गोष्ट आहे. आपल्याकडे पुष्कळदा असे दिसते की ज्याने आयुष्यात गॅस पेटवला नाही त्याचीच जीभ सर्वांत तिखट. त्या घरातल्या पप्पांनी टीका केली नाही, हे खरे. पण बाजूला सरकवलेले ताटही बोलते.

हांडीत पीठ टाकणारा संदेष्टा

राजांच्या दुसऱ्या पुस्तकातील चौथ्या अध्यायात एक फसलेला स्वयंपाक आहे. गिलगाल येथे दुष्काळ पडला होता. अलीशा संदेष्ट्याने शिष्यांसाठी मोठ्या हांडीत कालवण शिजवायला सांगितले. एक जण रानात पालेभाजी शोधायला गेला. त्याला एक रानवेल दिसली. तिची फळे त्याने ओटीत भरून आणली आणि ती कसली आहेत हे न कळताच चिरून हांडीत टाकली. जेवायला बसल्यावर सगळे ओरडले की यात मरण आहे.

इथे अलीशा काय करतो ते पाहू या. त्या शिष्याला बोल लावल्याची एक ओळही तिथे नाही. हांडी ओतून दिल्याचीही नाही. तो म्हणतो, पीठ आणा. पीठ हांडीत टाकतो आणि लोकांना वाढायला सांगतो. दुष्काळात अन्न टाकून देणे परवडत नाही. आणि माणूस टाकून देणे तर कधीच परवडत नाही.

आपल्या मुलीच्या पास्त्यालाही पीठ मिळू शकते. समजा, त्याच क्षणी मम्मी दारात आली. चपला काढता-काढता तिने सगळ्यांचे चेहरे पाहिले. ती म्हणाली, "थांब गं, मोरीकडे कुठे निघालीस? वाटीभर दूध गरम कर." गरम दूध घालून मंद आचेवर हलक्या हाताने हलवले की घट्ट झालेला सॉस सैल होतो, पास्ता पूर्वीसारखा सुटा होत नाही, पण खाण्याजोगा नक्की होतो. वर थोडे मीठ, थोडी मिरपूड. मग तिने ताटात घेऊन चार घास खाल्ले आणि म्हणाली, "पुढच्या वेळी पाण्यात मीठ टाक आणि पातेले मोठे घे. पण सॉसमध्ये एक गाठ नाही. मला अजूनही गाठी होतात. हे तू कसे केलेस?"

पाहा, ती खोटे बोलली नाही. "फारच छान झालाय" असे म्हणाली असती तर मुलीला ते कळलेच असते. संत पौल इफिसकरांना लिहिताना (४:१५) सत्य आणि प्रीती एकत्र चालवायला सांगतो. प्रीतीशिवाय सांगितलेले सत्य दगडासारखे लागते. सत्याशिवायची प्रीती गोड असते, पण तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. मम्मीने आधी खाल्ले, मग सुधारणा सांगितली आणि शेवटी जे खरोखर जमले होते ते शोधून काढले. प्रत्येक फसलेल्या गोष्टीत काहीतरी जमलेले असते. ते शोधायला मात्र ताटापुढे बसावे लागते.

एक व्यवहाराची गोष्टही इथेच सांगू या. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले सुमारे ६० टक्के घराघरांतून गेले. आंबलेले किंवा खराब झालेले अन्न खाऊ नये हे उघड आहे. पण मनासारखे न झालेले अन्न आणि खराब झालेले अन्न यांत फरक आहे.

गहू आणि पाणी

बंधुभगिनींनो, आता आपण वेदीकडे येऊ या. पास्ता म्हणजे गहू आणि पाणी हे आपण वर पाहिले. वेदीवर ठेवली जाणारी भाकर कशाची असते? गहू आणि पाणी. पवित्र मिस्सेची भाकर केवळ गव्हाचीच असावी असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. आपल्या लॅटिन परंपरेत ती बेखमीर असते. त्यात मीठ नाही, लोणी नाही, साखर नाही. जगातल्या कोणत्याही आचाऱ्याला विचारले तर तो म्हणेल, यात चव कुठे आहे?

तरीही आपण दर रविवारी रांगेत उभे राहतो. वृद्ध माणसे काठी टेकत येतात, आजाऱ्यांसाठी ती भाकर घरोघरी नेली जाते. चवीसाठी कोणीच येत नाही. आपण येतो कारण तिथे स्वतःला देणारा कोण आहे हे आपल्याला ठाऊक असते. चव हे अन्नाचे पहिले सत्य नाही, देणारा हे पहिले सत्य आहे, असे प्रभू आपल्याला दर रविवारी शिकवतो. चर्चमध्ये शिकलेली ही गोष्ट घरच्या टेबलापर्यंत पोचली नाही, तर आपण शिकलो काय?

आणि आपणच प्रभूपुढे कोणते ताट ठेवतो? अर्धवट केलेली प्रार्थना, मोडलेले संकल्प, वेळेवर न दिलेली क्षमा. पाणी कमी, मीठ विसरलेले, गार होऊन घट्ट झालेले आपले आयुष्य. त्याने आपले ताट बाजूला सरकवलेले नाही. योहानच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात पेत्र रात्रभर जाळे टाकतो आणि त्याच्या हाती काहीच लागत नाही. तोच पेत्र, ज्याने त्याला तीनदा नाकारले होते. पुनरुत्थित प्रभू किनाऱ्यावर निखारे पेटवून, मासळी आणि भाकर तयार ठेवून त्याची वाट पाहत असतो. प्रभू त्यांना आधी न्याहारीला बोलावतो. प्रेमाबद्दलचे प्रश्न जेवण झाल्यावर विचारतो.

या आठवड्यासाठी

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाऊदातो सी' या परिपत्रकात जेवणाआधी आणि जेवणानंतर देवाचे आभार मानण्याची प्रथा पुन्हा सुरू करण्याचे आवाहन केले होते. पुष्कळ घरांत ती टीव्हीच्या आवाजात विरून गेली आहे. या आठवड्यात आपण ती सुरू करू या आणि त्यासोबत तीन छोट्या गोष्टी करू या.

पहिली: ताटातला पहिला घास संपेपर्यंत जेवणाबद्दल कोणीही काही बोलू नये. दुसरी: जेवण कसेही झालेले असो, ज्याने केले त्याचे नाव घेऊन आभार मानावेत. आईचेही. विशेषतः आईचे, कारण तिचे जेवण कधी फसत नाही असे आपण धरून चाललो आहोत. तिसरी: घरात ज्याने कधीच स्वयंपाक केला नाही त्याने एक पदार्थ करावा, आणि इतरांनी तो खावा.

आपण प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, बेथानीच्या घरात तू मार्थाच्या हातचे जेवलास. आमच्या घरांतही ये. जे हात आमच्यासाठी राबतात ते आम्हाला पाहू दे. जे फसले त्याला हसण्याआधी, ते कोणासाठी केले होते हे आम्हाला कळू दे. आमच्या मुलांच्या पहिल्या प्रयत्नांना आमच्या टेबलावर जागा मिळू दे. आणि आमच्या आयुष्याचे अर्धे-कच्चे ताट तू जसे स्वीकारतोस, तसे एकमेकांचे स्वीकारण्याची कृपा आम्हाला दे. आमेन.